नशीब म्हणायच्या आधी

(30 सप्टेंबरला आपल्या संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. "हे छापा, आम्ही गटात वाचून दाखवू" असं बऱ्याच जणींनी सांगितलं, म्हणून इथं देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढं "विमा योजनांची माहिती" असं लिहिलंय. ती देणारच आहे. पण त्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. ऑगस्टच्या सभेत तो मला विचारला गेला होता आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

तुम्हाला आठवत असेल, ऑगस्टच्या सभेला आपल्या एका गटातली ताई आली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी तिचा मालक साप चावून गेला होता. रानात पाणी द्यायला गेला, अंधारात पाय पडला. वय पस्तिशीच्या आत. दोन लेकरं. सभेत आपण दोन मिनिटं शांत उभ्या राहिलो. नंतर चहाच्या वेळी बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, त्याचं तेवढंच आयुष्य होतं. कुणी म्हणालं, जे कपाळी लिहिलंय ते कुणाला चुकलंय. आणि एक बोलणं असंही कानावर आलं की तिचा पायगुणच तसा, लग्न झालं त्या वर्षी सासराही गेला होता.

मी काही बोलले नाही. वयानं तुमच्यापेक्षा लहान आहे, आणि दुःखाच्या वेळी वाद नको वाटला. तेवढ्यात आपल्यातल्या एक मावशी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, तू शिकलेली हाईस. सटवीनं लिहिलेलं खरंच टळतं का गं?"

मला वाटलं, मावशी असंच विचारतायत. मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. ती मी त्यांना विचारूनच आज सांगतेय. नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आजची तारीख 30 सप्टेंबर. आपल्या लोहारा-उमरगा भागात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. 1993 साली याच दिवशी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून, दमून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे दोन जिल्हे मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. किल्लारीचं नाव जगाला कळलं, पण आपलं सास्तूर आणि आसपासची गावंही त्याच रात्री ढिगारा झाली.

मावशींची म्हैस त्या रात्री व्यायला झाली होती. म्हणून मावशी आणि त्यांचे मालक पहाटे उठून बाहेर गोठ्यात होते. गोठ्यावर नुसते पत्रे. घरात सासूबाईंजवळ त्यांची दोन लेकरं झोपलेली. हादरा बसला, आणि डोळ्यांदेखत घर खाली बसलं.

पुढं सगळं गाव म्हणायचं, तुझं नशीब बलवत्तर, म्हशीनं तुला वाचवलं. मावशी मला म्हणाल्या, "कसलं बलवत्तर? लेकरं आत होती की."

तायांनो, मी समाजकार्याचं शिक्षण घेतलंय, पण या वाक्याचं उत्तर कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. मी महिनाभर विचार केला, वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. जे समजलं ते साध्या भाषेत मांडते.

मावशींच्या त्या रात्रीत तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. आपण तिन्हींचं एकच गाठोडं बांधतो आणि त्याला नशीब म्हणतो. गाठोडं सोडून एकेक प्रश्न बघू.

पहिला प्रश्न, भूकंप का झाला? आपल्या पायाखालची जमीन म्हणजे एक अवाढव्य मोठा तुकडा आहे. तो फार हळू, वर्षाला काही सेंटिमीटर, उत्तरेकडं सरकतो आणि तिकडं हिमालयाखाली रेटला जातो. त्या रेट्याचा ताण आतल्या जुन्या भेगांवर साठत राहतो. एखादी भेग तो ताण सहन करू शकली नाही की सरकते. किल्लारीजवळ जमिनीखाली फार खोल नाही, दहा-बारा किलोमीटरच्या आतबाहेर, अशी एक भेग सरकली. आदल्या वर्षी, 1992 मध्येही त्या भागात लहान हादरे बसले होते. म्हणजे भूकंपाला कारण होतं. कुणाचं पाप नव्हतं, देवीचा कोप नव्हता. हे कारण माणसाच्या हातातलंही नव्हतं. भूकंप कोणत्या दिवशी, किती वाजता होणार, हे आजही जगात कुणी सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न, इतकी माणसं का गेली? इथं नीट लक्ष द्या. आपल्या भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराजवळ भूकंप झाला. तिथंही पहाटेच, साडेचारच्या सुमाराला, लोक झोपेत असताना. तीव्रता 6.7, म्हणजे आपल्यापेक्षा मोठा. वस्ती आपल्या गावांपेक्षा कितीतरी दाट. तिथं माणसं गेली साधारण साठ. आपल्याकडं दहा हजार.

आता मला सांगा, सटवीनं अमेरिकेतल्या लोकांच्या कपाळावर वेगळ्या शाईनं लिहिलं होतं का? फरक घरांचा होता. आपली जुनी घरं तुम्हाला माहीत आहेत. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती. आतून एक पदर, बाहेरून एक पदर, मधे दगडगोटे आणि माती भरलेली. दोन पदरांना एकमेकांत बांधणारा लांब दगड नाही. वर लाकडी माळवद आणि त्यावर फूट-दोन फूट माती. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून ती माती, आणि दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यात भर. हादरा बसला तशा भिंती फुगून फुटल्या आणि माळवद खाली आलं.

आणखी एक गोष्ट. ज्यांची घरं कुडाची, छपराची, पत्र्याची होती, म्हणजे गावाच्या कडेला राहणारी गरीब माणसं, त्यांच्यातले पुष्कळजण वाचले. ज्यांचा मोठा चिरेबंदी वाडा, ज्यांना गाव नशीबवान म्हणायचं, त्यांच्याकडं जास्त माणसं गेली. मावशी वाचल्या त्याही हलक्या पत्र्याखाली होत्या म्हणूनच. म्हणजे दुसऱ्या प्रश्नालाही कारण आहे. आणि हे कारण माणसाच्या हातातलं होतं, फक्त तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं.

मावशी, इथं मी तुमच्याशी बोलते. दगड-मातीचं घर तुमच्या सासऱ्यांनी बांधलं, तसंच सगळ्या गावानं बांधलं होतं. ते घर धोक्याचं आहे हे तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जे माहीतच नव्हतं त्याचा बोल स्वतःला लावून घ्यायचा नसतो. कारण शोधायचं ते पुढच्या लेकरांसाठी. मागच्या दुःखात स्वतःला गुन्हेगार ठरवण्यासाठी नाही.

आता तिसरा प्रश्न. तो सगळ्यात अवघड. म्हैस त्याच रात्री का व्याली? मावशी बाहेर आणि लेकरं आत, असं का झालं?

म्हैस त्या रात्री व्याली कारण तिचे दिवस भरले होते. दहा महिने आधी ती गाभण राहिली, त्याचा हिशेब त्या पहाटे पुरा झाला. जमिनीखालची भेग त्या पहाटे सरकली कारण तिच्यावरचा ताण तेव्हा हद्दीबाहेर गेला. दोन्हीला आपापलं कारण आहे. पण म्हशीला भेगेचं माहीत नव्हतं, भेगेला म्हशीचं माहीत नव्हतं. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोन गोष्टी एका वेळी, एका जागी आल्या. याला योगायोग म्हणतात.

बऱ्याच जणी म्हणतात, विज्ञान मानायचं तर योगायोग मानता येत नाही, कारण सगळ्याला कारण असतं. तसं नाही. योगायोगातही प्रत्येक गोष्टीला कारण असतंच. फक्त त्या दोन गोष्टींची गाठ कुणी ठरवून घातलेली नसते. तुम्ही बाजाराला निघालात आणि फाट्यावर माहेरची बाई भेटली. तुम्ही तेल संपलं म्हणून निघालात, ती दवाखान्याला निघाली. दोघींना कारण होतं. भेटायचं कारण कुणाकडंच नव्हतं. तशी भेट चांगली असली तर आपण हसतो आणि विसरतो. तिथं मरण आलं की मन मानत नाही. इतकं मोठं दुःख, आणि त्यामागं कुणाचा हेतूच नाही, हे सहन होत नाही. म्हणून मन म्हणतं, कुणीतरी लिहिलं असणार.

मावशी, तुम्ही वाचलात तो योगायोग. तुम्हाला निवडलं नव्हतं, आणि लेकरांना टाकलंही नव्हतं. यापेक्षा गोड उत्तर माझ्याकडं नाही. पण खोटं उत्तर द्यायचं नव्हतं.

आता त्या सापाच्या गोष्टीकडं येते. तिथं योगायोग फार थोडा होता.

अंधारात पाय पडला, साप तिथं होता, एवढाच योगायोग. पुढचं ऐका. घरच्यांनी त्याला आधी उतारा करणाऱ्याकडं नेलं. मंत्र झाले, पाला खायला दिला, दोर आवळून बांधला. तीन तास गेले. जीभ जड झाली, डोळे मिटायला लागले, तेव्हा गाडी बघायला सुरुवात झाली.

कुणी विचारेल, मंत्रानं माणसं बरी झालेली आम्ही बघितली आहेत, ते खोटं का? खोटं नाही. तुम्ही बघितलं ते खरंच आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. आपल्या रानात दिसणारे बरेच साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या, हे चावले तर माणूस मरत नाही. जीव घेणारे मुख्य साप चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यातलाही साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही, कधी कोरडाच चावा घेतो. म्हणजे मंत्र टाकला नसता तरी यातली पुष्कळ माणसं जगणारच होती. ती जगली की नाव मंत्राचं होतं. जो जातो त्याच्याबद्दल म्हणतात, त्याचं भरलं होतं. बघा, हिशेब कसा आहे. वाचला तर मंत्र, गेला तर नशीब. या हिशेबात मांत्रिक कधी चुकतच नाही. आपल्या गटाच्या वहीत असा हिशेब कुणी लिहिला तर आपण तिला दुसऱ्या दिवशी सचिवपदावरून काढू.

म्हणून आजच सांगून ठेवते. साप चावला तर चावलेला हात-पाय हलवू नका, माणसाला चालायला लावू नका. कापू नका, चोखू नका, दोर आवळू नका. अंगठी, जोडवी, कडं काढून घ्या, कारण सूज येते. 108 ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावर उपाय एकच, तिथं मिळणारं प्रतिविष. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि फारसं दुखतही नाही, म्हणून "काही होत नाही" म्हणून घरी थांबू नका. रानात रात्री जाताना बॅटरी आणि पायात बूट, झोपताना खाट किंवा मच्छरदाणी. यातल्या एकाही गोष्टीला पंचांग लागत नाही.

आता मावशींचा मूळ प्रश्न. सटवीनं लिहिलेलं टळतं का?

तुमच्यातल्या साठी-सत्तरीच्या मावश्यांना आठवत असेल. लेकरू जन्मलं की पाचव्या-सहाव्या दिवसाची केवढी धास्ती असायची. पाटावर पूजा मांडायची, कागद-लेखणी ठेवायची, रात्री सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर लिहिते म्हणायचं. आणि त्याच दिवसांत कितीतरी लेकरं जायची. चांगलं दूध ओढणारं लेकरू अचानक ओढायचं थांबायचं, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं वाकायचं. सटवी लागली म्हणायचे.

तो धनुर्वात होता. नाळ विळ्यानं, जुन्या पात्यानं कापायची, त्यावर राख नाहीतर शेण लावायचं. त्यातून जंतू आत जायचे आणि आठवडाभरात लेकरू हातचं जायचं. मग गरोदर बाईला धनुर्वाताची सुई सुरू झाली. स्वच्छ पातं आलं, दवाखान्यात बाळंतपणं होऊ लागली. 2015 साली भारतातून आईचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात हद्दपार झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. हद्दपार म्हणजे एखाद-दुसरी केस होईल, पण जिल्ह्याजिल्ह्यात लेकरं मरायची ते थांबलं.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. टळतं. टळलंय. तुमच्या सुनांच्या बाळंतपणात टळलंय. सटवाईची पूजा करायची असेल तर करा, लेकरू सुखरूप आहे म्हणून आनंदानं करा. पण ज्याला आपल्या आज्या कपाळावरचं लिहिणं समजत होत्या, ते एका सुईनं आणि एका स्वच्छ पात्यानं पुसलं गेलं.

इथं एक शंका येते. आमच्या एका शिकलेल्या ताईनंच मला विचारलं, "मॅडम, सगळ्याला कारण असतं म्हणता, तर मग पुढचं सगळं आधीच ठरलेलं नाही का? मग कारण म्हणा नाहीतर नशीब म्हणा, फरक काय?"

हा प्रश्न फार जुना आहे. बुद्धाच्या काळात मक्खली गोशाल नावाचे एक आचार्य होते. ते सांगायचे की सगळं नियतीनं ठरलंय, माणसाच्या प्रयत्नानं काही बदलत नाही. बुद्धांनी या मताला कडक विरोध केला. बुद्धही म्हणत होते की प्रत्येक गोष्ट कारणातून होते. पण त्यांचं म्हणणं असं की माणसाचं करणं हेही त्या कारणांतलंच एक आहे. कारण काढून घेतलं की परिणाम थांबतो. आपल्या जिल्ह्यात तेरला जुन्या स्तूपाचे अवशेष सापडले आहेत, म्हणजे हा विचार आपल्या मातीत पूर्वी बोलला गेलेला आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर नशीब म्हणतं, तू काहीही कर, व्हायचं तेच होणार. कारण म्हणतं, तू काय करतेस त्यावरही ते ठरणार. पेरलं तर उगवेलच असं नाही, पाऊस आपल्या हातात नाही. पण पेरलंच नाही तर उगवणार नाही हे पक्कं. फरक एवढाच, पण एवढ्यावर आपलं सगळं काम उभं आहे.

भूकंपानंतर हेच झालं. 52 गावं नव्या जागी पूर्ण बांधली गेली हे तुम्हाला माहीत आहे. त्याशिवाय इतर गावांत दीड लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांना "संवाद सहायक" म्हणून कामाला लावलं गेलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना बळ दिलं. ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या त्या भिंतीत जोडदगड बसवायचा कसा, माळवदावरची माती कमी का करायची, घराला सिमेंट-सळईचा पट्टा कुठं घालायचा हे शिकल्या आणि गावाला सांगू लागल्या. इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. पुढं त्याच मंडळांतून बचत गट उभे राहिले. 2001 च्या जानेवारीत गुजरातमध्ये कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडं जाऊन तिथल्या बायकांना धीर आणि माहिती देऊन आल्या.

पण एक काळजी घ्या. भूकंप झाला, म्हणून गट उभे राहिले, असं म्हणा. गट उभे राहावेत म्हणून भूकंप झाला, असं कधी म्हणू नका. पहिलं कारण आहे, दुसरं नशीब. आणि ज्या मावशींनी लेकरं गमावली त्यांच्यासमोर दुसरं वाक्य बोलायला तोंड होत नाही.

आता शेवटचं. हे सांगायला मला अवघड जातंय.

त्या ताईच्या मालकाचं बँकेत खातं होतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे. 18 ते 70 वयाच्या खातेदाराला, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना 2 लाख मिळतात. सर्पदंशही त्यात धरतात, मात्र दवाखान्याचे कागद लागतात. तिच्या मालकाचा फॉर्म भरलेला नव्हता. का नव्हता? मे महिन्यात त्या गावात फॉर्म भरून घ्यायचे होते. दोनदा बैठक ठरली. एकदा गावात लग्न होतं. दुसऱ्यांदा ऊन फार होतं, मला इतर गावं होती, मी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणाले. जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या. राहून गेलं.

ऑगस्टच्या सभेत जेव्हा सगळ्या म्हणत होत्या की तिच्या नशिबातच नव्हतं, तेव्हा मी गप्प बसले. मघाशी म्हणाले की वाद नको वाटला. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तो शब्द माझ्या सोयीचा होता. नशीब म्हटलं की त्या दोन ठरून मोडलेल्या बैठका कुणाला आठवत नाहीत. मांत्रिकाचे तीन तास कुणी मोजत नाही. रात्रीचीच लाइट मिळते म्हणून अंधारात पाणी द्यायला जावं लागतं, हे कुणी बोलत नाही. सगळे सुटतात. अडकते ती एकटी, कारण नशिबाला पत्ता लागतो, आणि आपण तो नेहमी बाईच्या पायाशी देतो. म्हणून पायगुण.

मुलगी झाली की बाईचं नशीब. खरं तर मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, आणि तोही निव्वळ योगायोग असतो, नाणं उडवल्यासारखा. नवरा गेला की बाईचं नशीब. मग तिचं कुंकू पुसा, बांगड्या फोडा, हळदी-कुंकवाला बोलावू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कागद आलाय. गावात तो उतरवायचं काम आपलं आहे.

मी असं म्हणत नाही की नशीब हा शब्दच तोंडातून काढू नका. एखादी रडत असते, तिच्या पाठीवरून हात फिरवत आपण म्हणतो, "नशिबापुढं कुणाचं चालतं का, तू नको स्वतःला दोष देऊ." तेव्हा तो शब्द औषध असतो. तोच शब्द तिच्याकडं बोट दाखवून म्हटला की मार होतो. तेवढं आपल्याला ओळखता येतं.

म्हणून माझी विनंती अशी. गटात काही वाईट घडलं, हप्ता थकला, शेळी मेली, कुणी आजारी पडलं, की नशीब म्हणायच्या आधी तीन प्रश्न विचारू. हे कशामुळं झालं? यातलं काय आपल्या हातात होतं आणि पुढं काय करता येईल? आणि जिला आपण बोल लावतोय, तिचा यात खरंच काही हात आहे का? तिन्ही प्रश्न विचारून झाल्यावर जे उरेल, ते योगायोगाच्या खात्यावर टाकू. ते खातं रिकामं कधीच होणार नाही. पण त्यासाठीच विमा असतो. उद्या कुणावर वेळ येईल हे सांगता येत नाही, पण कुणावर तरी येणार हे माहीत आहे. म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं. आपला बचत गट तरी दुसरं काय आहे?

तर विम्याची माहिती. अपघाताचा 20 रुपयांचा सांगितला. दुसरा प्रधानमंत्री जीवनज्योती, वर्षाला 436 रुपये, वय 18 ते 50, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी वारसाला 2 लाख. दोन्हींचं वर्ष 1 जून ते 31 मे. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, पण खात्यात तेवढे पैसे हवेत. मालकाचा भरा, आणि स्वतःचाही भरा. बायका स्वतःचा विसरतात. येत्या पंधरा दिवसांत मी प्रत्येक गटात येणार आहे. बैठक ठरली की मोडायची नाही. लग्न असलं तर लग्नाच्या मांडवात फॉर्म भरू.

पहिली बैठक त्या ताईच्या गटात आहे. तिला मी भेटून आले. तिच्या मालकाचा फॉर्म भरायचा माझ्याकडून राहिला, हे तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सगळ्या म्हणतात माझ्यामुळं झालं. तुमच्यामुळं झालं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." तिनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. पण ती पुढच्या बैठकीला येते म्हणाली.

ती येईल तेव्हा तिला नेहमीच्या जागेवर बसवा. आणि संक्रांतीला गटाचं हळदी-कुंकू होईल, त्यात पहिलं कुंकू तिला लावायचं. हा ठराव आज मांडावा अशी मी अध्यक्षांना विनंती करते. अनुमोदन कोण देणार?

(ठरावाला त्या मावशींनी अनुमोदन दिलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.)